तीनशे पासष्ट रुपयांचं कुलूप

"ही पावती कुणी फाडली?"

शिंत्रे सरांनी पावतीपुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि उघड्या पानावर बोट टेकवलं. सदस्याचं टोपणनाव : गोकर्ण (स्त्री). वर्षाची वर्गणी : तीनशे पासष्ट. अक्षर माझंच होतं.

"मी," मी म्हणाले.

"पैसे कसे आले? मनीऑर्डर?"

"रोख."

"म्हणजे ही बाई ऑफिसात आली होती?"

"हो. शनिवारी. तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा."

शिंत्रे सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. ते पूर्वी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलंय हे कळल्यावर ते आवाज चढवत नसत, उलट खाली आणत.

"वैजयंती, गोकर्ण या सदस्यानं शेवटचं लॉगिन पाच आठवड्यांपूर्वी केलंय. आपण दर जाहीर केले त्याच्या आठवडाभर आधी. आपल्या तीन सूचनांपैकी एकही तिनं उघडलेली नाही. जिला दर लागू होणार आहेत हेच माहीत नाही, ती बाई ऑफिस शोधत येऊन नेमके तीनशे पासष्ट रुपये कशी भरते?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सोमवार होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते. चार वाजता सगळ्या विनामूल्य खात्यांमधल्या कुलूपबंद नोंदी उघड्या होणार होत्या.

आमच्या साइटचं नाव 'सोपा'. आमच्याकडे कोल्हापूरला घरातल्या पुढच्या बैठकीला सोपा म्हणतात. तिथं कुणीही यावं, बसावं, बोलावं. तशी ही मराठीतून ब्लॉग लिहिणाऱ्यांची जागा. २००९ सालापर्यंत नऊ हजार माणसं तिथं लिहीत होती. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं आणि आम्ही दोघंच होतो. प्रोग्रॅम लिहिणं, सर्व्हर सांभाळणं शिंत्रे सरांकडे. सदस्यांच्या तक्रारी आणि पत्रव्यवहार माझ्याकडे.

पहिली चार वर्षं सगळं फुकट होतं. मग सर्व्हरचं भाडं थकलं. कंपनीनं कळवलं की या बुधवारपर्यंत पैसे आले नाहीत तर साइट बंद. नऊ हजार माणसांचं लिखाण एका दिवसात नाहीसं झालं असतं. सरांनी नोकरी सोडून ही साइट उभी केली होती. त्या दिवसांत त्यांनी दाढी करणंही सोडलं होतं.

म्हणून खात्यांचे दोन प्रकार करायचे ठरलं. तीनशे पासष्ट हा आकडा मीच सुचवला होता, म्हणजे रोजचा एक रुपया. सशुल्क खात्याला हवं तेवढं लिहिता येणार, फोटो टाकता येणार आणि कुलूप मिळणार. कुलूप म्हणजे आपण निवडलेल्या माणसांखेरीज ती नोंद कुणालाही दिसत नाही. विनामूल्य खात्याला महिन्याला पाच नोंदी, त्याही सगळ्यांना दिसतील अशाच.

"आणि आधी कुलूप घातलेल्या नोंदी?" मी विचारलं होतं.

"त्या उघडतील. ज्यांना नको असेल ते पैसे भरतील," सर म्हणाले होते. "महिनाभराची मुदत देतोय की आपण."

दुसरं कारणही होतं. पुण्याची एक जाहिरात कंपनी आम्हाला वर्षाचे पैसे आगाऊ द्यायला तयार होती; पण उघडी पानं किती आहेत यावर. कुलपं वापरणारेच सगळ्यांत जास्त लिहीत, त्यामुळे ती उघडली की पानं दुप्पट होणार होती. त्यांची माणसं सोमवारी संध्याकाळी पानं मोजणार होती.

मी तेव्हा जास्त बोलले नाही. मला पगाराची गरज होती.

"मी विचारतोय काहीतरी," शिंत्रे सर म्हणाले.

"पैसे माझे आहेत."

"ती तुमची नातेवाईक आहे?"

"नाही."

"मैत्रीण?"

"नाही सर. मी तिला कधी भेटलेली नाही."

"मग तिच्या खात्यात असं काय आहे, की तुम्ही पदरचे पैसे भरताय?" एवढं बोलून ते थांबले. उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं होतं. "तुम्ही वाचलंत."

तक्रारी सोडवायच्या म्हणून मला कुठलंही खातं आतून बघता यायचं. बदलता किंवा पुसता यायचं नाही, पण बघता यायचं. आणि साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमच्या कुलपाची किल्ली आमच्याकडेही नाही.' ते वाक्य माझंच होतं.

"तिची तक्रार आली होती," मी म्हणाले. "दीड वर्षापूर्वी. एका नोंदीत जोडाक्षरं तुटत होती. ती बघायला मी नोंद उघडली."

"एक नोंद."

"हो."

"आणि मग?"

"मग सगळ्या. दोनशे चौदा आहेत."

सर उठून खिडकीशी गेले. खालच्या झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

"काय आहे त्यात?"

"ते मी सांगणार नाही."

"आता सांगणार नाही?" ते वळले. "दीड वर्ष दुसऱ्याच्या घरात डोकावलात तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता मला सांगणार नाही?"

त्यांचं बरोबर होतं. तरी मी एवढंच सांगितलं, "एका मुलीला लिहिलेली पत्रं आहेत. मुलगी आठ वर्षांची आहे. तिला वाचता येतं. तिच्या काकालाही येतं. त्या पत्रांत जे आहे ते घरात फक्त तिच्या आईवडिलांना माहीत आहे. चार वाजता ते कुणालाही दिसेल. तिचं शाळेतलं नाव शोधलं तरी सापडेल."

"मग एवढं एक खातं सोडून देऊ. चालेल?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"कुलपं वापरणारे सहाशे अकरा जण आहेत," सर म्हणाले. "बाकी सहाशे दहांचं तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून त्यांचं उघडायचं? की त्यांचेही पैसे तुम्ही भरणार?"

"त्यांचंही उघडू नका, सर."

"आणि बुधवारी साइट बंद पडली तर? मग तर सगळ्यांचंच जाईल." त्यांनी ते पान पुस्तकातून फाडलं आणि माझे पैसे टेबलावर ठेवले. "हे परत घ्या. तुमच्या सांगण्यावरून मी काहीही करणार नाही. तुम्हाला ते माहीत असायलाच नको होतं. पण तिनं स्वतः, तिच्या तोंडानं सांगितलं की उघडू नका, तर मी नाही उघडणार. चारपर्यंत वेळ आहे. आणि वैजयंती, ती काहीही म्हणाली तरी या महिनाअखेर तुमचं काम संपलं."

"हो," मी म्हणाले.

तिला शोधायचं म्हणजे पुन्हा तिच्याच पत्रांचा आधार घ्यायचा. दुसरा मार्ग नव्हता. मुलीचं नाव शाळेत घातलं त्या दिवसाच्या पत्रात आईचं पूर्ण नाव होतं : सुमित्रा कडगावे. गडहिंग्लजला भांड्यांचं दुकान, घर दुकानाच्या मागे, एकत्र कुटुंब. मी टेलिफोनच्या डिरेक्टरीत शोधलं. कडगाव्यांचं भांड्यांचं दुकान एकच होतं.

सरांनी फोनचा स्पीकर चालू केला आणि समोर बसले.

"हॅलो, कडगावे भांडी भांडार." पुरुषाचा आवाज. हा तिचा दीर असणार. पत्रांतून तो मला चांगला माहीत होता. मनानं वाईट नव्हता, पण घरात आलेलं प्रत्येक पाकीट तोच फोडायचा.

"नमस्कार. कोल्हापूरहून बोलतेय. सुमित्रा कडगावे आहेत का?"

"त्या आत असतात. तुम्ही कोण?"

मी काही ठरवलंच नव्हतं. "आमच्या मासिकाची पाककृती स्पर्धा होती. त्यात त्यांचा नंबर आलाय."

"वैनींचा? कशात हो?"

शिंत्रे सर माझ्याकडे बघत होते. मला संक्रांतीचं एक पत्र आठवलं.

"शेंगांच्या पोळीत."

"मग येणारच की नंबर!" तो खूश झाला. "थांबा हं. ओ वैनी! लवकर या, कोल्हापूरहून फोन आलाय, बक्षीस लागलंय तुम्हाला!"

पलीकडे भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता. कुणीतरी पातेली उतरवत होतं. मग चपलांचा आवाज आला.

"हॅलो?"

दीड वर्ष मी तिचं वाचत होते, पण आवाज पहिल्यांदाच ऐकला. मला वाटला होता त्यापेक्षा जाड होता.

"सुमित्राताई, मी मासिकातून बोलत नाहीये. मी 'सोपा'वरून बोलतेय. जवळ कुणी उभं आहे का?"

"हो, हो. बोला की."

"मग तुम्ही फक्त ऐका. साइटवर आता पैसे भरायचं ठरलंय. विनामूल्य खात्यांची कुलपं आज चार वाजता निघणार आहेत. तुमच्याही सगळ्या नोंदी कुणालाही वाचता येतील. तुम्हाला नको असेल तर आत्ता तसं सांगा."

पातेली उतरवायचं काम थांबलं होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"मी छापायला पाठवलीच नव्हती हो पाककृती," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ. "मी पाकिटात बंद करून ठेवली होती. तुमच्या हातात कशी आली?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"मी पाकीट उघडलं," मी म्हणाले.

"किती वाचलीत?"

"सगळी."

"काय म्हणतात?" मागून दिराचा आवाज आला. "बक्षीस काय आहे विचारा की वैनी."

"विचारते, भाऊजी." आणि लगेच त्याच आवाजात ती मला म्हणाली, "तुमच्या मासिकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आम्ही पाकीट उघडत नाही. ते वाचून मी पाठवायला लागले."

"माझं चुकलं."

"छापू नका."

"नाही छापत."

"माझी छापू नका, आणि ज्यांना तुमचा फोन गेलेला नाही त्यांच्याही छापू नका. बायका पाकिटात काय काय ठेवतात तुम्हाला काय माहीत? एखादीच्या घरात चूल पेटायची नाही." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. तिनं खाकरून तो सावरला आणि मोठ्यानं विचारलं, "बक्षीस घ्यायला कधी येऊ?"

शिंत्रे सर पुढं झुकले आणि म्हणाले, "बुधवारी या, ताई. तुमचं सगळं तुमच्या ताब्यात देतो. कुणालाही काही दिसणार नाही."

तिनं पत्ता विचारून घेतला आणि फोन ठेवला.

सरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं. "सहाशे अकरापैकी चारशेच्या वर लोकांनी सूचना उघडलेलीच नाही," ते म्हणाले. "मला हे आकडे आठवड्यापासून दिसत होते."

पावणेतीन वाजता त्यांनी पुण्याला फोन केला. कंपनीचा माणूस स्पीकरवर नव्हता, त्यामुळे मला फक्त सरांची बाजू ऐकू आली. "नाही, जेवढी उघडी आहेत तेवढीच... हो, निम्मी... नाही, तसं करता येणार नाही... का म्हणजे, लोकांनी विश्वासानं ठेवलंय." मग बरंच ऐकून घेतलं. शेवटी "बरं, निम्मे तर निम्मे" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी नवे दर साइटवर लागले. फोटोंना आणि जादा नोंदींना पैसे. कुलूप सगळ्यांना फुकट. पहिल्या पानावरचं माझं वाक्य मात्र सरांनी काढून टाकलं, आणि मला खाती आतून बघता येणारी सोयही बंद केली. राहिलेली रक्कम त्यांनी मोटारसायकल विकून भरली हे मला नंतर कळलं. पुढं 'सोपा' आणखी तीन वर्षं चालला. मग सदस्यांना सहा महिन्यांची मुदत देऊन, प्रत्येकाचं लिखाण ज्याचं त्याला पोचवून त्यांनी तो बंद केला.

बुधवारी अकराच्या सुमाराला ती आली. ठेंगणी, काठाची सुती साडी, हातात कापडी पिशवी. खाली रस्त्यावर तिचा नवरा मुलीला घेऊन उभा होता. तिनं पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

"शेंगांच्या पोळ्या. भाऊजींनी पाठवायला लावल्यात, परीक्षकांसाठी."

कुणाला हसू आलं नाही.

दिरानं तिच्या खोलीतला कॉम्प्युटर बिलं करायला दुकानात नेला होता. पाच आठवडे ती साइटवर आली नव्हती ती त्यामुळे. शिंत्रे सरांनी तिची दोनशे चौदा पत्रं सीडीवर उतरवून दिली आणि ती नीट उघडतात का हे तिला बघायला सांगून स्वतः बाहेरच्या खोलीत गेले. तिनं चार-पाच पत्रं उघडून बघितली. मी दाराशी उभी होते. मग तिनं खातं पुसायचं बटण दाबलं. 'तुमची खात्री आहे का?' असं विचारणारी चौकट आली, तिथंही लगेच हो केलं.

"बसा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी बसले.

"काल सांगितलं तिला."

मला आधी कळलंच नाही.

"ती अठराची झाली की ही पत्रं तिला देणार होते. सोमवारी तुमचा फोन आला आणि वाटलं, आता कुठलंच कुलूप धरून बसण्यात अर्थ नाही. आज तुम्ही वाचलंत, उद्या आणखी कुणी वाचेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. आम्ही दोघांनी तिला मळ्यात नेलं आणि सांगितलं, की तू माझ्या पोटातनं आलेली नाहीस, आम्ही तुला हुबळीहून आणलंय."

"काय म्हणाली?"

"विचारलं, मग मी गुब्बीच ना?" कानडीत गुब्बी म्हणजे चिमणी. पत्रांमध्ये प्रत्येक वेळी तिनं मुलीला तीच हाक मारली होती. "म्हटलं, गुब्बीच. मग म्हणाली, भूक लागली." तिनं पदरानं नाक पुसलं. "घरी सासूबाईंना आज सांगायचंय. आम्ही तेव्हा हुबळीला नोकरीला होतो, घरात अजून कुणाला पत्ता नाही. काय होतंय देव जाणे. हे माझ्या मनानं, माझ्या वेळेला झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते तुम्ही घालवलंत. ते मी विसरणार नाही."

"विसरू नका," मी म्हणाले.

जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली. पिवळ्या फ्रॉकमधली, समोरचा एक दात पडलेली मुलगी दारात आली. "आई, झालं का? बाबा म्हणतात रंकाळ्याला जाऊया." त्या मुलीचा पहिला ताप, पहिलं पाऊल, शाळेतलं पहिलं रडणं मला माहीत होतं. तिनं अनोळखी बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि आईच्या मागे सरकली.

"आलेच. खाली थांब."

ती गेल्यावर सुमित्राताईंनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"एक नोंद तक्रारीसाठी उघडलीत, समजलं. बाकीच्या का वाचल्यात? त्यात काय होतं तुमच्यासाठी? आमच्या घरातली रोजची धुणीभांडी."

हे मी शिंत्रे सरांना सांगितलं नव्हतं. घरीही कुणाला बोलले नव्हते.

"माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली," मी म्हणाले. "तीन डॉक्टर झाले. तिसऱ्यानं दीड वर्षापूर्वी सांगितलं की आता प्रयत्न पुरे करा. त्याच आठवड्यात तुमची तक्रार आली. मी नोंद उघडली तर पहिलंच वाक्य होतं, 'गुब्बी, आजच्याच दिवशी तू आम्हाला मिळालीस.' मला पुढं काय झालं ते बघायचं होतं. दुसऱ्याच्या पोटचं मूल आपलं होतं का, ते बघायचं होतं. रोज एक पत्र वाचायची मी. ऑफिसला आल्यावर, चहाच्या आधी."

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मग तिनं सीडी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि ती निघाली. जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन थांबली.

"गुब्बीला जिथून आणलं त्या संस्थेचा पत्ता पत्रांत नाही," ती म्हणाली. "कुलपातसुद्धा लिहिला नव्हता मी."

"माहीत आहे. मी शोधला होता."

असं बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. ती मात्र परत दोन पावलं आत आली.

"घ्या लिहून."

मी कागद घेतला. तिनं पत्ता सांगितला, सावकाश, गल्लीच्या नावासकट. फोन नंबर तिला पाठ होता. मी लिहिलेलं तिनं एकदा वाचून बघितलं आणि एक आकडा दुरुस्त केला.

"आधी फोन करून जा. आणि नवऱ्याला घेऊन जा," ती म्हणाली. "एकटीला आत घेत नाहीत."

जूनमध्ये आम्ही दोघं हुबळीला गेलो.